उभ्याने दिलेला शब्द

पंजाबी समाज शिक्षण मंडळात एक रीत होती. ती मंडळाच्या घटनेत कुठेही लिहिलेली नव्हती, म्हणूनच सगळे ती काटेकोरपणे पाळत. बसून बोललं ते नुसतं बोलणं, उभं राहून बोलला तो शब्द. बसलेल्या माणसाने शाळेला सोन्याचा कळस चढवीन म्हटलं तरी कुणी मान वर करायचं नाही. तोच माणूस उभा राहून नुसतं "बघू" म्हणाला, की दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी त्याच्या दारात हजर, काय बघितलंस ते सांग म्हणून.

मंडळाच्या शाळा निघाल्या त्या अशाच. दुसरी शाळा निघाली ती दोन साडूंच्या भांडणातून. पहिल्या शाळेचं फाटक रस्त्याकडे असावं की मैदानाकडे, यावर दोघांची जुंपली आणि हरलेला साडू ताडकन उभा राहून म्हणाला, "मी माझी वेगळी शाळा काढतो, आणि तिचं फाटक मैदानाकडेच असेल." बिचारा लोकरीचा व्यापारी. त्याच्याकडे मैदान नव्हतं. त्याने आधी मैदान घेतलं, मग फाटक बसवलं, आणि बरेच दिवस नुसत्याच फाटकाला कुलूप लावून झाल्यावर मागे शाळा बांधली.

मुलींची शाळा निघाली ती चहामुळे. मुलींना वेगळी शाळा कशाला हवी, असं एक सासरे बसल्या बसल्या म्हणाले. त्यांची सून तेव्हा सगळ्यांना चहा देत होती. "मग मी काढते," ती म्हणाली. चहा देणारं माणूस उभंच असतं, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तंत्रशाळेची गोष्ट तर सांगायलाच नको. एक सभासद खिडकी लावायला उठले आणि जाता जाता सहज पुटपुटले, "यापेक्षा पोरांना सुतारकाम शिकवलेलं बरं." खिडकी लावून ते परत येईपर्यंत त्यांचं अभिनंदन सुरू झालं होतं.

भांडण कितीही मोठं असलं तरी लग्नकार्यात एकमेकांची तोंडं बघावीच लागतात, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत समेट व्हायचा आणि रुसून काढलेली शाळा मंडळाच्या पदरात पडायची. मंडळाची भरभराट चालली होती.

मग ती थांबली. कारण अध्यक्ष आणि सचिव जिवलग मित्र निघाले.

अध्यक्ष लाकूडवाले पापाजी. सचिव टायरवाले वीरजी. लहानपणापासून एकाच्या पायात काटा रुतला की दुसरा लंगडायचा. दोघांच्याही वडिलांनी उभ्याने शब्द देऊन आयुष्यभर निस्तरले होते, त्यामुळे दोघं दुधाने तोंड पोळलेले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सभेच्या खोलीतल्या लाकडी खुर्च्या काढल्या आणि खोल, गुबगुबीत सोफे आणले. त्या सोफ्यात माणूस एकदा गेला की बाहेर यायला दुसऱ्या माणसाचा हात लागे. तेव्हापासून प्रत्येक ठराव एकमताने मंजूर होऊ लागला. आणि एकमताने मंजूर झालेली गोष्ट सगळ्यांची असते, म्हणजे कुणाचीच नसते.

हे सगळ्यात जास्त कुणाला जाचत होतं, तर सनावळीबाईंना.

सनावळीबाईंनी मंडळाच्या पहिल्या शाळेत हयातभर इतिहास शिकवला. नाव पोरांनी ठेवलेलं, पण ते इतकं चिकटलं की घरी येणारा दूधवालाही त्याच नावाने हाक मारी. त्या समाजाच्या नव्हत्या, पण जुन्या शिक्षिका म्हणून त्यांना सभेला बोलावणं असे आणि दाराजवळची घडीची खुर्ची त्यांच्यासाठी राखलेली असे. नुकत्याच त्या निवृत्त झाल्या होत्या. मुलाने हौसेने गॅलरीत एक आरामखुर्ची आणून ठेवली होती. उरलेलं आयुष्य त्या खुर्चीत पाय पसरून काढायचं, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

पण त्या खुर्चीतून पूल दिसायचा.

बाईंचं घर पुलापलीकडच्या नव्या वस्तीत. मंडळाच्याच काय, सगळ्याच शाळा पुलाच्या अलीकडे. पूल अरुंद, त्यावरून मालाचे ट्रक चाललेले, आणि पायी जाणाऱ्याने कठड्याला पाठ लावून श्वास आत ओढायचा. बाईंनी नोकरीभर तो असा ओलांडला. पण आता त्यांची नात पहिलीत जायची होती. घरात तिला ठिणगी म्हणत, आणि ते उगाच नव्हे. हात धरून चालणं तिला अपमान वाटायचा. ट्रक दिसला की ती त्याच्याशी शर्यत लावायची. त्या पोरीला दप्तर घेऊन पुलावर सोडायचं या विचाराने बाई दर थोड्या वेळाने खुर्चीतून उठायच्या. आरामखुर्चीत त्यांना आराम म्हणून नव्हताच.

प्रत्येक सभेत बाई विषय काढत. "पुलापलीकडे एक शाळा हवी. मंडळाची तिथे जागा आहे, नुसती पडून आहे."

"बरोबर आहे," पापाजी सोफ्याच्या तळातून म्हणत.

"अगदी बरोबर आहे," वीरजी शेजारच्या सोफ्याच्या तळातून म्हणत.

एकमताने मंजूर. घोंगडं भिजतच पडलं.

अशात मंडळाचा मोठा वाढदिवस जवळ आला आणि इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं. ते कुणी लिहायचं यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांनी घडीच्या खुर्चीकडे पाहिलं. बाई हो म्हणाल्या, कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. इतिहास लिहिणाऱ्याला कुठल्याही घरात शिरता येतं आणि कुठलाही आगाऊ प्रश्न विचारता येतो.

सुरुवात त्यांनी लाकडाच्या वखारीपासून केली. पापाजी फळ्या मोजत होते. बाई फाटकात दिसल्या तसे ते झटकन जवळच्या ओंडक्यावर बसले. मंडळाच्या कामाचं कुणी माणूस समोर आलं की त्यांचे गुडघे आपोआप वाकत.

"पापाजी, पहिला प्रश्न," बाई म्हणाल्या. "मंडळाचे संस्थापक कोण? तुमचे आजोबा की वीरजींचे?"

"वीरजीचे," पापाजी म्हणाले. "त्यात विचारायचं काय? माझे आजोबा नुसते सोबतीला होते."

"पण लोक तर म्हणतात की पहिला शब्द तुमच्या आजोबांनी दिला."

"लोकांचं काय जातं म्हणायला. बाई, तुम्ही वीरजीच्या आजोबांचं नाव लिहा. आणि मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका. तो फार हळवा आहे."

तिथून बाई टायरच्या दुकानात गेल्या. वीरजी एका मोठ्या ट्रकच्या टायरच्या मधोमध जाऊन बसले, नुसतं डोकं आणि खांदे बाहेर. बाईंनी तोच प्रश्न विचारला.

"पापाजींचे आजोबा," वीरजी म्हणाले. "छातीवर हात ठेवून सांगतो. आमचे आजोबा फक्त सतरंजी अंथरायला गेले होते."

"असं लिहू?"

"लिहाच. आणि मी सांगितलं असं त्यांना सांगू नका. त्यांना संकोच वाटेल."

बाई बाहेर आल्या त्या कपाळाला हात लावून. सगळ्या जगात लोक आपल्या आजोबांच्या मोठेपणासाठी भांडतात, ही दोन रत्नं दुसऱ्याच्या आजोबांसाठी हट्ट धरून बसलेली. असल्या माणसांत भांडण लावायचं तरी कसं, असा विचार बाईंच्या मनात आला आणि त्यांना आपली आपल्यालाच थोडी लाज वाटली. फार नाही, थोडीच.

शेवटी त्या बीजींकडे गेल्या. बीजी म्हणजे पापाजींची आई. वय इतकं झालेलं की ते विचारायची कुणाची छाती नव्हती. कित्येक वर्षं त्या आधाराशिवाय उभ्या राहिल्या नव्हत्या, पण त्यांच्या शब्दाला उभं राहण्याची गरजही नव्हती. पलंगावरून नुसती भुवई उचलली तरी सगळा समाज सरळ व्हायचा.

"संस्थापक?" बीजी म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसताना त्यांना ठसका लागला, बाईंनी पाणी दिलं, पाणी पिताना पुन्हा हसू आलं. "अगं, मी तेव्हा नवी नवरी. दाराआडून सगळं बघत होते. सभा शाळेची नव्हतीच मुळी."

"मग कशाची?"

"पोरांच्या तक्रारीची. पोरं वखारीत फळ्यांवरून घसरगुंडी खेळायची आणि टायर उतारावरून सोडून द्यायची. एक टायर सरळ न्हाव्याच्या दुकानात शिरला, अर्धी दाढी राहिलेला माणूस तसाच पळाला. तर त्यावर बोलायला बसले सगळे. जाजमावर, मांडी घालून. माझे सासरे बराच वेळ बसले आणि त्यांच्या पायाला आल्या मुंग्या. म्हणून ते उठले."

"म्हणजे? बोलायला नाही उठले?"

"कसलं बोलायला, पाय झटकायला. पण ते उभे राहिले तशी सभा चिडीचूप. सगळे तोंडाकडे बघायला लागले, आता हे काय बोलतात म्हणून. त्यांना काही सुचेना. बाहेर पोरं बोंबलत होती. मग म्हणाले, 'या पोरांसाठी शाळा काढीन.' आणि पाय बधिर, गेला की त्यांचा तोल. टायरवाल्याच्या आजोबांनी उठून कोपर धरलं. आता तेही उभे. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते म्हणाले, 'मीही.' झाली शाळा."

हयातभर बाईंनी पोरांना पहिल्या धड्यात सांगितलं होतं की दोन द्रष्ट्या पुरुषांनी ज्ञानाचा दिवा लावला. तो दिवा मुळात मुंग्यांनी लावला होता.

"बीजी," त्या हळूच म्हणाल्या, "यंदाची सभा जुन्या पद्धतीने जाजमावर घेतली तर? पूर्वजांची आठवण म्हणून."

बीजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हातारी काही दुधखुळी नव्हती. "तुझी नात कितवीत गेली?"

"पहिलीत जायची आहे."

"हं," बीजी म्हणाल्या. "सोफ्यांना वास येतो म्हणून सांगते. उन्हात टाकायला लावते. बऱ्याच वर्षांत मी भांडण ऐकलेलं नाही."

सभेच्या दिवशी सोफे अंगणात ऊन खात होते आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाजम अंथरलेलं होतं. सभासद दारात येऊन थबकत. जो तो कुठला गुडघा आधी वाकवायचा याचा अंदाज घेई, मग "आई गं" म्हणत खाली बसे. पापाजी आणि वीरजी शेजारी शेजारी, मांडी घालून. बीजींना पलंगासकट आणून मागच्या भिंतीशी ठेवलं होतं. घडीची खुर्चीही उन्हात गेली होती, आणि बाईंना तर वाचायचं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागद उघडले.

नमनालाच त्यांनी घडाभर तेल जाळलं. पहिल्या शाळेच्या विटा कुठून आल्या ते सांगितलं. त्या विटांची भट्टी कुणाची, त्याच्या भावाची भट्टी कुठे, आणि त्या दोघांत बोलणं का नव्हतं तेही सांगितलं. प्रत्येक शाळेच्या घंटेचा आवाज कसा वेगळा ते सांगितलं आणि आवाज काढून दाखवले. सभासद माना डोलवत होते. थोड्या वेळाने मानांबरोबर कंबरा डोलायला लागल्या. लोकरवाल्याने हळूच एक पाय लांब केला, तो पुढच्याच्या पाठीला लागला. तंत्रशाळेचे जनक खिडकीकडे बघायचंही टाळत होते. पापाजी दोन्ही हातांनी आपलं पाऊल दाबत होते, पण उठायचं नाव नाही. लोखंडाचे चणे खाल्लेला माणूस तो.

इतक्यात बाई थांबल्या.

"आता पुढचं वाक्य," त्या म्हणाल्या. "या मंडळाचे संस्थापक, आणि पुढे जागा रिकामी आहे. कुणाचं नाव घालू?"

"वीरजीचे आजोबा," पापाजी म्हणाले.

"पापाजींचे आजोबा," त्याच क्षणी वीरजी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे चमकून पाहिलं.

"वीरजी, वेडेपणा करू नकोस. मान तुझ्या घराण्याचा."

"तुम्ही असताना मी मान घेऊ? लोक काय म्हणतील मला?"

"आणि मी घेतला तर मला काय म्हणतील? मित्राच्या आजोबांचं नाव गिळलं म्हणतील."

"पापाजी, तुम्ही मोठे आहात म्हणून ऐकून घेतो. पण हा माझा अपमान आहे."

"अपमान? मी तुझ्या आजोबांना संस्थापक म्हणतोय, हा अपमान?"

"हो. माझं ऐकायचंच नाही म्हणजे अपमानच की."

सभा जागी झाली. माना ताठ झाल्या. मागे पलंगावर बीजींनी उशी उंच करून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच या दोघांचा आवाज चढला होता, तोही दोघं एकमेकांना वर चढवत असताना. पापाजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, दुसरा लोकरवाल्याच्या डोक्यावर टेकला, आणि रागाच्या भरात ते उभे राहिले.

उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंड घट्ट मिटलं. परत बसायचा बेत दिसत होता, पण पाय त्यांचे राहिले नव्हते, मुंग्यांचे झाले होते. गुडघा वाकेना. ते एका बाजूला कलायला लागले, तसे वीरजी भांडण विसरून उठले आणि त्यांनी मित्राचं कोपर धरलं. वीरजींचेही पाय बधिर. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून कसेबसे उभे राहिले.

खोलीत कुणी हललं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दोघंही ओठ दाबून छताकडे बघत होते.

"उभा राहिलायस ना," मागून बीजी म्हणाल्या. "मग बोल की."

पापाजींनी वीरजींकडे पाहिलं. मग बांध फुटला. "तुझ्या आजोबांच्या नावाने मी शाळा काढीन. पाटीवर नाव खोदून लावीन. मग बघतो कसं नाकारतोस."

"मग मीही तुमच्या आजोबांच्या नावाने शाळा काढीन," वीरजी त्यांच्या खांद्यावर मान टेकून म्हणाले. "बघतो तुम्ही कसं नाकारता."

"काढ. कुठे काढतोस?"

"तुम्ही कुठे काढता?"

"पुलापलीकडे," बाई म्हणाल्या. वर्गात उत्तर अडलेल्या पोराला पुढचा शब्द सुचवावा, तितक्याच हळू आवाजात.

"पुलापलीकडे," दोघं एकदम म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांचे पाय चालत होते त्यांनी दोघांना धरून भिंतीशी नेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना पूल दिसत होता, रिकामा, नुसत्या ट्रकांचा, आणि त्यावर ठिणगी कुठेच नव्हती. एवढ्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं. घंटांचे आवाजसुद्धा काढले होते.

"पण जागा एकच आहे," लोकरवाला म्हणाला. त्याला जागांचा अनुभव होता. "आणि तिकडे जाऊन शाळा सांभाळणार कोण? इथून कुणी मास्तर पूल ओलांडायचा नाही."

"त्याची काळजी कशाला?" बाई आनंदाच्या भरात म्हणाल्या. "मी आहे ना. मी सांभाळीन."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाईंना वाटलं, आपलं काही चुकलं की काय. मग दिसलं, की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, पायांकडे बघत होते.

"सनावळी," बीजी प्रेमाने म्हणाल्या, "तू मघापासून उभीच आहेस गं."

बाईंनी खाली पाहिलं. दोन्ही पाय जाजमावर, सरळ. त्यांना आरामखुर्ची आठवली, तिची नवी कोरी वेताने विणलेली बैठक आठवली. त्या समाजाच्या नव्हत्या, शब्दाची रीत त्यांना लागू नव्हती, असं सहज म्हणता आलं असतं. पण पापाजी आणि वीरजी भिंतीशी टेकून त्यांच्याकडे बघून इतके मनापासून हसत होते, की आपण आज या मंडळाच्या झालो, हे त्यांना कळलं. दुसऱ्यासाठी खड्डा खणला की आपलाही एक पाय त्यात जायचाच.

"बरं," त्या म्हणाल्या. उभ्यानेच.

जागा एकच असल्यामुळे शाळाही एकच झाली, पण दोन फाटकांची. एका फाटकावर पापाजींनी वीरजींच्या आजोबांचं नाव लावलं, दुसऱ्यावर वीरजींनी पापाजींच्या आजोबांचं. पोरांनी एका फाटकातून यायचं आणि दुसऱ्यातून जायचं, म्हणजे कुणावर अन्याय नको. इतिहासाचं पुस्तकही छापून आलं. संस्थापक म्हणून त्यात दोन्ही नावं होती, आणि बीजींच्या आग्रहावरून मुंग्यांचा उल्लेखही होता. शेवटी बाईंनी एक पान कोरं ठेवायला लावलं. छापखानेवाल्याला ती चूक वाटली होती.

पहिल्या दिवशी ठिणगी घरातून निघाली आणि आजीचा हात न धरता, वाटेत एकही ट्रक न लागता, उड्या मारत शाळेत पोचली. वर्गाच्या खिडकीतून पुलावरचे हॉर्न ऐकू येत होते. बाई खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांना ते हॉर्न ऐकून काहीच झालं नाही.

मधल्या सुट्टीआधीच वर्गात जुंपली. खिडकीजवळची जागा कुणाची, यावर ठिणगी आणि लोकरवाल्याची पुलापलीकडे राहणारी नात एकमेकींची दप्तरं ओढत होत्या. बाईंनी जागा लोकरवाल्याच्या नातीला दिली, कारण ती खरंच आधी येऊन बसली होती. आपल्याच नातीला झुकतं माप देणारी आजी पोरांना लगेच कळते, आणि बाईंना ते नको होतं.

ठिणगीने एक क्षण विचार केला. मग ती बाकावरून उतरली आणि दोन्ही पायांवर नीट उभी राहिली.

"मग मी माझी वेगळी शाळा काढीन," ती म्हणाली. "तिला सगळ्या खिडक्याच असतील."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं इतिहासाचं पुस्तक उघडलं, शेवटचं कोरं पान काढलं आणि त्यावर नातीचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं.